पिवळ्या रस्त्यांवरचा शुक्रवार

पहाटे ४:४५

नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार. सूर्य साडेसहाला उगवणार आणि साडेचारला मावळणार. टोकियोत पानांचे रंग ऐन भरात येतात ते नेमके उजेड आखडत जातो तेव्हा, म्हणून दिवसाचं गणित आदल्या रात्रीच बसवून ठेवावं लागतं. दोन कॅमेरे, एकावर ३५ मिमीची लेन्स, दुसऱ्यावर ७०-२००. पोलरायझर, कार्डं, बॅटऱ्या. थंडीत बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे जादाच्या दोन बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. ट्रायपॉड घरीच. जिथे जायचंय तिथे माणसांना चालायला जागा नसते. तिथे तीन पाय पसरून उभं राहू नये. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी.

काम असं आहे: एका फोटो एजन्सीला पानगळीच्या दिवसांतल्या टोकियोचे बारा फोटो हवेत. ते छापले जातील पुढच्या वर्षी. मासिकाचा या ऋतूचा अंक पानं पिवळी होण्याआधीच छापखान्यात गेलेला असतो, त्यामुळे वाचकाला अंकात दिसते ती पानगळ नेहमी गेल्या वर्षीची. आजचं माझं काम पुढच्या नोव्हेंबरचं.

पहाटे ५:३०

मी राहते निशी-कासाईला, एदोगावा वॉर्डात. इथे भारतीय कुटुंबं इतकी की कढीपत्ता आणि हिंग हाकेच्या अंतरावर मिळतात. २०१९ साली इथल्या वॉर्डसभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेव्हा मराठी घरांतून पेढे वाटायचेच काय ते राहिले होते.

आमची तोझाई लाइन गर्दीसाठी नावाजलेली. २०१९ मध्ये किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळच्या ऐन वेळी क्षमतेच्या १९९ टक्के प्रवासी मोजले गेले होते. विरार लोकलवर वाढलेल्या माणसाला या आकड्याचं भय वाटत नाही, पण कॅमेऱ्याच्या बॅगेला वाटतं. पहाटेच्या गाडीत मात्र बसायला मिळतं. समोर रात्रपाळी संपवून निघालेला एक सुरक्षारक्षक झोपलाय, शेजारी हातमोजे मांडीवर ठेवलेल्या दोन सफाई कामगार बायका. फोटोचा मोह होतो, पण या गाडीत मी कॅमेरा काढत नाही. झोपलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

निहोम्बाशीला गिन्झा लाइन पकडायची आणि आओयामा-इच्चोमेला वर यायचं.

सकाळी ६:२०

मेइजी जिंगू गायेन. आओयामा-दोरी या हमरस्त्यापासून आत जाणारा सुमारे ३०० मीटरचा रस्ता, दोन्ही अंगांना झाडांच्या दोन-दोन रांगा, एकूण १४६ गिंको. शिंजुकू ग्योएन बागेतल्या झाडांच्या बिया १९०८ मध्ये पेरून रोपं वाढवली आणि १९२३ मध्ये ती इथे लावली. आखणी ओरिशिमो योशिनोबू यांची. त्यांनी उंच झाडं हमरस्त्याच्या बाजूला ठेवली आणि पुढे उंची उतरती केली. त्यामुळे रस्ता आहे त्याहून लांब वाटतो आणि टोकाचं १९२६ मधलं चित्रदालन फार दूर असल्याचा भास होतो. झाडं छाटूनही शंकूच्या आकारात राखलेली. फोटोग्राफरचं निम्मं काम ओरिशिमोंनी शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलंय, आणि अडचण तीच आहे. इथे उभं राहून वाईट फोटो काढणं कठीण, पण वेगळा काढणं त्याहून कठीण.

उजाडायच्या आधीच पंचवीस-तीस जण हजर. सगळ्यांना रस्त्याचा मधला बिंदू हवा असतो. तो बिंदू वाहतुकीच्या रस्त्यावर येतो, आणि थोड्या वेळाने ‘कृपया थांबू नका, पुढे चला’ असं नम्रपणे ओरडणारे रक्षक क्रॉसिंगवर उभे राहतील. मी कडेच्या दोन रांगांमधल्या पायवाटेवर जाते. तिथून चित्रदालन दिसत नाही, खोडं दिसतात.

पहिलं ऊन आधी शेंड्यांना लागतं. खाली अजून निळी सावली. पिवळ्याच्या बाबतीत कॅमेरा दोनदा फसतो. ऑटो व्हाइट बॅलन्सला सगळीकडे पिवळं दिसलं की तो त्याला दिव्याचा उजेड समजतो आणि निळं घालून ‘दुरुस्त’ करतो. म्हणून मी ५२०० केल्विनवर पक्कं करून टाकते. दुसरं म्हणजे पिवळा रंग कॅमेऱ्याच्या लेखी लाल आणि हिरवा मिळून होतो. कोवळ्या उन्हात त्यातला लाल आधी ओसंडतो, आणि एकत्रित हिस्टोग्रॅम मात्र सगळं ठीक असल्याचं सांगत राहतो. घरी येऊन बघावं तर पानांच्या शिरा गायब, नुसते पिवळे डाग. तीन रंगांचे आलेख वेगवेगळे बघायचे आणि एक्स्पोजर थोडं खाली ठेवायचं. पोलरायझर फिरवला की पानावरची चकाकी जाते आणि आतला रंग वर येतो. २०० मिमीने बघितलं की रांगा एकमेकींवर चढतात आणि ओरिशिमोंनी घातलेली लांबी पुसली जाते. एजन्सीला हवा तो फोटो मी याच वेळेत काढून मोकळी होते.

सकाळी ७:४०

आता शहर येतं. भुयारी स्टेशनातून माणसं वर येतात आणि बहुतेक जण वर बघतच नाहीत. काळे कोट, काळ्या बॅगा, हातात फोन. पिवळ्या पार्श्वभूमीवर ही काळी रेघ सरकत जाते तेव्हा ३५ मिमी हातात असावी. त्यांच्यामधून पहिलीतली मुलं जातात. पिवळ्या टोप्या आणि पाठीवरच्या दप्तराला पिवळं कव्हर, वाहनचालकाला लांबून दिसावं म्हणून. पायांनी पानं उडवण्याचं काम शहरात फक्त तीच करतात.

मुलांचे फोटो मी पाठमोरेच घेते. चेहऱ्यावर ज्याचा त्याचा हक्क, हे इथलं न्यायालय १९६९ पासून मानत आलंय आणि लोकांच्या अंगवळणीही पडलंय. जपानी फोनच्या कॅमेऱ्याचा आवाजही बंद करता येत नाही. उत्पादकांनी पाळलेला संकेत आहे तो. माझा कॅमेरा मुका होऊ शकतो, तरी मी रस्त्यावर आवाज चालू ठेवते. माणूस वळून बघतो, मी मान लववते, तो हसतो किंवा हात आडवा करतो. हात आडवा झाला की फोटो तिथल्या तिथे पुसायचा.

शेजारी पत्र्याचं कुंपण दिसतं. गायेनचा पुनर्विकास चालू आहे, २०२४ च्या अखेरीस आतल्या भागात वृक्षतोड सुरू झाली. संगीतकार सकामोतो र्‍युइची यांनी मृत्यूच्या काही दिवस आधी, मार्च २०२३ मध्ये, टोकियोच्या राज्यपालांना विरोधाचं पत्र लिहिलं होतं. गिंकोच्या चार रांगा राखणार असं विकासक सांगतात; नवं बेसबॉल मैदान मुळांच्या किती जवळ येणार, यावर तज्ज्ञांचा वाद आहे. वर पानं बघून भागत नाही, याचं हेही एक कारण. मी कुंपणाचाही फोटो काढते. बारांत तो जाणार नाही, पण माझ्याकडे राहील.

सकाळी ९:३०

आकासाका-मित्सुकेला मारुनोउची लाइन घेऊन म्योगादानी, तिथून चालत कोइशिकावा वनस्पती उद्यान. टोकियो विद्यापीठाचं हे उद्यान १६८४ मधल्या शोगुनांच्या औषधी बागेतून वाढलेलं. गायेनच्या मानाने गर्दी काहीच नाही. झोळीतून स्केचबुक काढणारे म्हातारे, पाळणाघरातल्या मुलांना गाड्यांतून फिरवणाऱ्या ताया.

इथे एक मोठा गिंको आहे, आणि हा नुसता फोटोचा विषय नाही. हिरासे साकुगोरो हे विद्यापीठात वनस्पतींची चित्रं काढायला नेमलेले चित्रकार. गिंकोची फलधारणा ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. वसंतात परागकण बीजांडात शिरतो, पण प्रत्यक्ष फलन व्हायला सप्टेंबर उजाडतो. त्या थोड्याशा दिवसांत बघेल त्यालाच ते दिसणार. १८९६ मध्ये याच झाडाच्या बियांत हिरासेंना पोहणाऱ्या शुक्रपेशी दिसल्या. नेचे-शेवाळ्यांत असतात तशा शुक्रपेशी बी धरणाऱ्या झाडात असू शकतात, हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. १९१२ मध्ये त्यांना जपान अकादमीचं शाही पारितोषिक मिळालं. चित्रकाराच्या डोळ्याला, तेही वेळेवर उघडलेल्या डोळ्याला, मिळालेला मान म्हणून मला ही गोष्ट आवडते.

दहाच्या सुमारास आभाळ भरून येतं. पाहुणे हळहळतात, मला बरं वाटतं. ढगांखाली सावल्या मऊ होतात आणि मेपलचा लाल खोल दिसतो. फक्त पांढरं आभाळ चौकटीत येऊ द्यायचं नाही. गिंकोचा पिवळा आणि मेपलचा लाल यांचे जन्म वेगळे. पिवळा उन्हाळाभर पानातच असतो; हरितद्रव्य ओसरलं की उघडा पडतो. लाल मात्र झाड शेवटी नव्याने तयार करतं, आणि दिवसा ऊन नि रात्री गारठा असेल तरच तो चांगला चढतो. आपल्या सह्याद्रीत हेच लाल द्रव्य दिसतं, पण उलट्या टोकाला. कुसुंब, पिंपळ यांची लाली चैत्राच्या आसपासच्या कोवळ्या पानांत. आपल्याकडे पान लाल होऊन येतं, इथे लाल होऊन जातं.

जपानच्या हवामान खात्याने ऋतूंच्या निरीक्षणाची यादी २०२१ पासून छाटून सहा वनस्पतींवर आणली, प्राणी तर सगळेच वगळले. त्या सहांत गिंको आणि मेपल टिकले. त्यांच्या नोंदींवरून दिसतं की रंग धरण्याचे दिवस गेल्या काही दशकांत पुढे पुढे सरकलेत. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ सरळ आहे: जुन्या डायरीवर विसंबायचं नाही.

दुपारी १२:३०

बाकावर धपाटे. भारतात आता नऊ वाजलेत, म्हणजे आईच्या फोनची वेळ.

“कुठे आहेस गं?”

“बागेत. पानांचे फोटो काढतेय.”

“पडलेल्या पानांचे? त्याचे पैसे देतात?”

“देतात.”

“मग इथे ये की. बदामाच्या झाडाने अंगण भरलंय. रोज दोन टोपल्या निघतात.”

मी हसून विषय बदलते, पण जेवण होईपर्यंत तेच डोक्यात राहतं. सकाळपासूनचे फोटो कॅमेऱ्यावर मागे सरकवत जाते. झाडं, आभाळ, झाडं, काळे कोट. जमिनीवर पडलेलं फारसं नाही. पान झाडावर असतं तोवर त्याला बघे असतात. खाली पडलं की ते कुणाच्या तरी कामाचा भाग होतं. आणि मला शहराचे फोटो काढायचेत, बागेचे नाहीत. दुपार खाली बघण्यात घालवायची, असं ठरवते.

दुपारी २:००

शिन-ओत्सुकाला उतरून थोडं चालत मुकोहाराचा थांबा. इथून एका डब्याची ट्राम जाते, तोदेन आराकावा लाइन. टोकियो महानगराच्या ट्राममध्ये हीच उरलेली. डब्यात बाजार करून परतणाऱ्या आज्या, गुडघ्यांशी चाकांच्या पिशव्या. किशिबोजिन-माए थांब्याला उतरायचं.

झोशिगायाच्या किशिमोजिन मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर झेल्कोव्हाची जुनी झाडं आहेत. त्यांची पानं तपकिरी, चुरचुरीत, गिंकोच्या पानांसारखी ओलसर चिकटणारी नाहीत. झाडणाऱ्याला हा फरक मनगटात कळतो. देऊळ १६६४ चं, आणि अंगणातला गिंको सहाशेहून अधिक वर्षांचा मानतात. मुलं व्हावीत, मुलं वाढावीत म्हणून लोक या झाडाला नवस बोलतात.

देवी आपल्या ओळखीची आहे. किशिमोजिन म्हणजे हारिती. दुसऱ्यांची मुलं खाणारी यक्षी. बुद्धाने तिचंच धाकटं मूल लपवलं तेव्हा भानावर आली आणि मुलांची राखणदार झाली. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात ती पती पांचिकाशेजारी बसलेली आहे, पायाशी मुलांची गर्दी. वाघूर नदीच्या काठावरची देवी गिंकोखाली भेटते, तेव्हा मी आधी कॅमेरा खाली ठेवून हात जोडते.

शाळा सुटते. अंगणातच १७८१ पासून चालत आलेलं खाऊचं दुकान आहे. बरण्या, खोके, दहा-वीस येनांच्या गोळ्या. मुलं नाणी तळहातावर मांडून हिशेब करतात. मी तळहात टिपते: नाणी, गोळ्या, आणि दोघींच्या हातात दुमडलेली गिंकोची पानं. गिंकोचा वास मात्र फोटोत येत नाही. मादी झाडाची बी पडून चिरडली की आंबट तुपाचा दर्प सुटतो. गराने हातही भाजतात. तरी हातमोजे घालून लोक ती वेचतात, धुतात, भाजतात. खारवलेली गरम बी खाताना तो वास कुणाला आठवत नाही.

दुपारी ३:४०

ऊन आडवं झालंय आणि गल्लीच्या तोंडाशी एक आजोबा झाडतायत. दोन्ही हातांत उभा धरलेला बांबूचा लांब खराटा. मी परवानगी विचारते. ते म्हणतात, “माझं काय काढता? झाड तिकडे आहे.” मी म्हणते, झाडाचे सगळेच काढतात. ते मान हलवतात आणि पुन्हा झाडू लागतात, जरा ताठ उभे राहून. तो ताठपणा जाईपर्यंत दहाएक मिनिटं मी नुसती गप्पा मारते. वारा असला की झाडत नाहीत, उपयोग नसतो. पाऊस पडून गेला की गिंकोची पानं फरशीला चिकटतात, निसरडं होतं, तेव्हा झाडावंच लागतं. गोळा झालेलं पिशव्यांत भरून कचऱ्याच्या गाडीला. पूर्वी त्याच ढिगात रताळी भाजायचे; आता उघड्यावर जाळायला बंदी आहे.

बोलता बोलता ते स्वतःच्या लयीत येतात. खराटा पुढे, पानं मागे, सूर्य त्यांच्या पाठीशी. प्रत्येक उडालेलं पान उजेडात आरपार दिसतं. एक शतांश सेकंदाला खराट्याचं टोक किंचित फिसकटतं, तेवढं फिसकटायलाच हवं. इथे मी भरपूर फोटो काढते.

संध्याकाळी ४:४५

फुकुतोशिन लाइनने शिंजुकू-सान्चोमे. सूर्य गेलाय, आभाळ अजून निळं, दिवे लागलेले; दोन उजेड जुळून येतात ती ही पंधरा मिनिटं. फोटोग्राफर मोरियामा दाइदो यांनी या भागाला वर्षानुवर्षं काळ्यापांढऱ्यात पकडलं, खरखरीत, धावतं. त्यांच्या शिंजुकूत ऋतू शोधावा लागतो. मी रंगातच राहते. टॅक्सीच्या काचेवर चिकटलेलं पान, जाहिरातीचा गुलाबी दिवा त्याच्यावर, आत वाट बघणारा चालक.

मग हानाझोनो देऊळ. नोव्हेंबरातल्या कोंबड्याच्या दिवशी इथे तोरी-नो-इची भरते. पंचांगात कोंबडा दर बारा दिवसांनी येतो, म्हणून जत्रा कधी दोनदा, कधी तीनदा. आज तिसरी. ज्या वर्षी तिसरी येते त्या वर्षी आगी फार लागतात, अशी जुनी समजूत. आगीतूनच गिंको रस्तोरस्ती पसरला, असंही म्हणता येईल: १९२३ च्या भूकंपानंतर शहर जळालं तेव्हा होरपळलेले गिंको पुन्हा फुटले, आणि पुनर्बांधणीत रस्त्यांच्या कडेला त्यांना मान मिळाला. १९६६ पासून तर तो टोकियोचा अधिकृत वृक्ष आहे.

जत्रेत विकतात काय, तर कुमादे. कुमादे म्हणजे पानं ओढायचं बांबूचं दाताळं. त्याला सोनेरी नाणी, कासवं, भाताच्या लोंब्या, हसरे मुखवटे जडवतात. पानांऐवजी नशीब ओढून घ्यायला. गिऱ्हाईक घासाघीस करून भाव उतरवतं आणि मग उतरवलेली रक्कम बक्षिसी म्हणून परत देतं. सौदा झाला की सगळे ठेक्यात टाळ्या वाजवतात. दुकानदार, बारमालक, न्हावी गेल्या वर्षीचं दाताळं परत करून थोडं मोठं नेतात. धंदा वाढला तर दाताळंही वाढायला हवं. इथे आयएसओ ३२००, कंदिलांच्या उजेडावर मोजणी, आणि खांद्यांमधून वाट काढत ३५ मिमी डोक्यावर धरून अंदाजाने क्लिक.

रात्री ८:१५

घर. आमटी-भात, मग कार्डं रिकामी करायची, दोन ठिकाणी प्रती. पहिल्या फेरीत फक्त वगळते. दुसऱ्या फेरीत रंग. पिवळ्याला आणखी पिवळा करण्याची कळ हाताशीच असते आणि बाजारात चालतंही तेच. मी सॅच्युरेशनला हात लावत नाही. लाल थोडा खाली आणते, सावल्यांतला निळा राखते. निळा राहिला तरच पिवळ्याला थंडी लागते.

बारांची यादी जमते. गायेनचा एक, कारण तो मागितलेला आहे आणि तो प्रामाणिकपणे चांगला आलाय. कोइशिकावाचे दोन. बाकीचे नऊ खालच्या बाजूचे: पिवळ्या टोप्या, काळ्या कोटांची रेघ, ट्राममधल्या पिशव्या, तळहातावरची नाणी, टॅक्सीची काच, कुमादे खांद्यावर घेऊन जाणारा न्हावी, आजोबांचे तीन. एजन्सी यातले निम्मे परत करेल आणि झाडं मागेल. तीही देईन, सकाळची पडली आहेत. पण पहिला प्रस्ताव माझा असेल.

रात्री १०:३०

मथळे लिहून होतात: जागा, वेळ, झाड, माणूस काय करतोय. फाइली जातात. आजोबांचा एक फोटो त्यांना विचारून घेतला होता, तो आईला पाठवते. तिकडे सात वाजलेत, दिवाबत्ती झाली असेल. उत्तर लगेच येतं.

“फोटो छान. त्यांचा खराटा बघ, दांडा केवढा लांब आहे! कंबर वाकवावी लागत नाही. येताना एक घेऊन ये.”